लुआन मिस्त्रीची फायनान्समधली मुलगी

आमच्या वस्तीच्या हमामात लुआन मिस्त्रीला खुलवायचं असलं की एवढंच विचारायचं, "मुलगी काय करते हो सध्या?" गरम पाण्याच्या हौदात हनुवटीपर्यंत बुडालेला माणूस तेवढ्यासाठी छातीपर्यंत वर यायचा. "फायनान्स," म्हणायचा आणि परत बुडायचा.

अंग घासून देणारा दोंग त्याला सोडायचा नाही. "फायनान्स म्हणजे नेमकं काय, मिस्त्री? माझ्या खिशातलं वाढवून देईल का?"

"चड्डीवर उभा आहेस गाढवा. खिसा कुठे शोधू तुझा?"

सगळा हौद हसायचा. मिस्त्रीही हसायचा. मला हसू येत नसे. त्याची मुलगी फायनान्समध्ये नव्हती. ती तिकडे दक्षिणेत, सुझौच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभी होती. मला ते ठाऊक होतं, आणि मिस्त्रीलाही ठाऊक होतं. पण मुलीला वाटायचं, बाबांना ठाऊक नाही. बापलेकींनी एकमेकांना हे खरं कधीतरी तोंडाने सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. दर वर्षी वाटायचं, या नववर्षाला होईल.

आता मिस्त्री गेला. मुलीला विचारून लिहितोय.

त्याचं पूर्ण नाव लुआन फंगशान. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, यंत्रं बनवणाऱ्या तीन नंबरच्या शेडमध्ये होतो. तो टर्नर, मी क्रेनवर. आमच्या शहराला त्या काळी धुराड्यांवरून ओळखायचे. पोरवयात त्याला सरकारने सांगितलं, शहरातल्या मुलांनी खेड्यात जाऊन शेती शिकायची, आज्ञा आहे. गेला. काही वर्षांनी सांगितलं, परत ये, तू टर्नर. आला, टर्नर झाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं की बाबा रे, तुला काय व्हायचंय. पण लेथ त्याच्या हाताला लागला आणि माणूस त्याच्या प्रेमातच पडला. टर्नरची सगळ्यात वरची श्रेणी त्याने चाळिशीच्या आत मिळवली. शिकाऊ मुलं त्याच्याकडे टाकायचे, कारण तो ओरडायचा नाही. फक्त एका गोष्टीवर ओरडायचा. कुणाची बाही लोंबताना दिसली की शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी शिवी द्यायचा. लोंबती बाही फिरत्या यंत्रात गेली की हात तिच्यामागोमाग जातो.

निंग त्याची एकुलती एक. शाळा सुटली की डबा घेऊन शेडमध्ये यायची आणि उपड्या खोक्यावर बसून बघत राहायची. पोलाद कापताना जो कीस निघतो तो तापून निळा होतो, कुरळा होतो. ती तो गोळा करायची. काचेच्या बरणीत भरून ठेवायची. श्यूफन वहिनी, म्हणजे तिची आई, कटकट करायची, "लोकांच्या मुली रिबिनी जमवतात, ही लोखंड जमवते. हात कापशील कार्टे!"

मिस्त्री म्हणायचा, "कापू दे. एकदा कापलं की परत कापत नाही."

मग कारखाना बंद पडायला लागला. एकदम नाही पडला, शेड शेड करत पडला. एका सकाळी कॅन्टीनच्या भोंग्यावरून नावं वाचली. ज्यांची नावं आली त्यांनी देशाच्या भल्यासाठी निर्णयाची आज्ञा पाळावी, असं एक गोड आवाजाची बाई सांगत होती. तिचं स्वतःचं नाव त्यात नव्हतं. मिस्त्रीचं होतं, माझं होतं. मी टेबल उलटं केलं आणि त्यापायी दोन दिवस आत बसलो. मिस्त्रीने सही केली, हातरुमालाने आपला लेथ पुसला, आणि घरी गेला.

त्यानंतर तो नदीवरच्या पुलापाशी उभा राहायचा. कामाच्या शोधातली माणसं तिथे गळ्यात पुठ्ठा अडकवून उभी असत. एकाच्या पुठ्ठ्यावर रंगारी, दुसऱ्याच्या प्लंबर, तिसऱ्याच्या फरशीवाला. मिस्त्रीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, टर्नर. रंगाऱ्याला गिऱ्हाईक यायचं, प्लंबरला यायचं. टर्नरला पुलावर कोण बोलावणार? घरात लेथ असतो कुणाच्या? मी म्हणालो, "मिस्त्री, 'प्लंबर' लिही. नळ काय, तुझ्या डाव्या हातचा मळ." तो म्हणाला, "मी प्लंबर नाही." एक अख्खा हिवाळा तो तसाच पुठ्ठा घेऊन उभा राहिला. निंगची शाळा त्या पुलापलीकडे होती. ती रोज त्याच रस्त्याने जायची. दोघं एकमेकांकडे बघायची नाहीत.

वसंतात तो कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करायला बसला. पण त्या पुलावर त्याच्या मनाने एक गाठ मारून घेतली होती. आपल्या मुलीने यंत्राच्या जवळपासही फिरकायचं नाही.

निंग बारावी झाली तेव्हा आमच्याकडे उफराटी पद्धत होती. परीक्षा झाली की उत्तरं जाहीर व्हायची. मुलांनी ती बघून स्वतःचे गुण स्वतःच अदमासाने काढायचे, आणि निकाल यायच्या आधी विद्यापीठाचा अर्ज भरायचा. आपण कुठे बसणार हे डोळे मिटून ठरवायचं. पहिल्या पसंतीचं विद्यापीठ हुकलं तर दुसरीचं काही खरं नाही, कारण चांगल्या जागा तोवर पहिली पसंती देणाऱ्यांनी भरलेल्या असत. त्या पंधरवड्यात वस्तीतले सगळे बाप ज्योतिषी झाले होते.

मिस्त्रीने मला बोलावलं, कारण मला सरकारी कागद वाचता येतात. मी काही कॉलेजात गेलेलो नाही. नोकरी गेल्यावर कामगारांचे अर्ज लिहून देता देता कायदा शिकलो, तोही रद्दीतल्या पुस्तकांतून. तरी मोठमोठ्या पदवीवाल्यांना खिडकीपलीकडे घाम फोडलाय. असो.

टेबलावर अर्ज पसरलेला. पेन्सिलने भरलेला कच्चा. श्यूफन वहिनी आंबवलेला कोबी चिरत होती, पण सुरी अडखळत चालली होती. विद्यापीठ प्रांताच्या राजधानीतलं, चांगलं, निंगच्या अदमासाला पेलेल असं. खाली शाखांचे रकाने. त्यात मिस्त्रीने सांगितलेलं ओळीने लिहिलेलं: फायनान्स, बँकिंग, हिशेबशास्त्र, विमा.

"मेकॅनिकल कुठेय?" मी निंगला विचारलं. तिला तेच हवं होतं. आमच्या जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना माहीत होतं.

तिने बापाकडे बघितलं. मिस्त्री म्हणाला, "तू लिहायला आलायस की फोडणी द्यायला, गुआन?"

"पोरगी शिकणार, पोरगी ठरवेल."

"मी शिकलो ना यंत्र? एवढं शिकलो की वरती शिकायला उरलं नाही. मग काय झालं? पुलावर पुठ्ठा. बँक बंद पडलेली बघितलीस कधी? कारखान्याची काच फुटली की कुणी बसवत नाही. बँकेची फुटली तर दुपारपर्यंत नवी."

"बाबा, आता यंत्रं वेगळी आहेत," निंग म्हणाली. "आता ती कॉम्प्युटरवर चालतात. तुम्ही म्हणता तसं..."

"पट्ट्यावर चालू दे नाहीतर कॉम्प्युटरवर. मालकाला नको झालं की माणूस बाहेरच येतो."

तिने नजर अर्जावर वळवली. मग मला तिची युक्ती दिसली. अर्जाच्या अगदी तळाशी दोन चौकटी होत्या. मागितलेल्या शाखा न मिळाल्यास विद्यापीठ देईल त्या शाखेत जाण्याची आज्ञा पाळीन, ही एक. पाळणार नाही, ही दुसरी. निंगने पहिलीत पेन्सिलने बारीक खूण केली होती.

शाळेच्या सभेत वर्गशिक्षिका तोंग बाईंनी ती चौकट सगळ्या पालकांना समजावून दिली होती. ही खूण केली की गुण थोडे कमी पडले तरी मूल विद्यापीठात राहतं, फक्त शाखा बदलते. नाही केली तर मुलाची फाईल विद्यापीठ परत पाठवतं. आणि बाई मोकळेपणाने म्हणाल्या होत्या, यंदा मेकॅनिकल कुणी मागत नाही, त्यामुळे आज्ञा पाळणाऱ्यांना बहुतेक तिथेच टाकतील. पोरीने हे ऐकलं होतं. बापाच्या शब्दाबाहेर न जाता, बापाने सांगितलेलं सगळं लिहून, तळाशी एक लहानसं दार तिने उघडं ठेवलं होतं.

पण सभेत मिस्त्रीही बसला होता.

त्याने खोडरबर घेतला. पेन्सिलची खूण पुसली. सावकाश, कागद चुरगळू न देता. मग पेन निंगच्या हातात दिलं.

"पाळणार नाही, यावर कर."

"बाबा, बाई म्हणाल्या की..."

"बाई म्हणाल्या ते मी ऐकलं. त्या दारातून तू कुठे जाशील तेही ऐकलं. आणि हा शब्द बघ इथे. आज्ञा. मी पाळली. खेड्यात गेलो, पाळली. टर्नर हो म्हणाले, पाळली. घरी जा म्हणाले, तीही पाळली. माझी मुलगी पाळणार नाही."

मी उसळलो. "मिस्त्री, हा रुबाब दाखवायची ही जागा नाही! कागदाला काय त्याचं? हुकली तर पोरगी रस्त्यावर!"

"हुकणार नाही. ती माझी मुलगी आहे."

"तुझी आहे म्हणून गुण जास्त देतात काय?"

"गुआन, तुझं घर पलीकडच्या दारात आहे."

श्यूफन वहिनीची सुरी थांबली होती. निंगने पेनने खूण केली. मला अजून ती खूण दिसते, स्वच्छ, सरळ. बापाचा हात होता तिला.

निकाल लागला. विद्यापीठाच्या प्रवेशाची गुणांची रेषा तिने ओलांडली होती. फायनान्सची रेषा तीन गुणांनी हुकली. बाकीच्या पैशांच्या शाखाही भरल्या. मेकॅनिकलच्या जागा अर्ध्या रिकाम्या राहिल्या, त्यात तिच्याहून कितीतरी कमी गुणांची, आज्ञा पाळणारी मुलं जाऊन बसली. निंगची फाईल परत आली. दुसऱ्या पसंतीच्या विद्यापीठाने उघडूनही बघितली नाही.

आता हल्ली या अर्जासाठी लोक सल्लागार गाठतात, कॉम्प्युटरवर अंदाज काढतात. त्यांचं ऐकलं की माझं डोकं फिरतं. सतरा-अठराच्या पोरीला एका चौकटीत उभं करून आयुष्य विचारायचं, आणि वर त्याला पसंती म्हणायचं. कुणाची पसंती?

निकालानंतर मिस्त्री कोपऱ्यावर गेला नाही. जेवला नाही. तोंग बाई घरी आल्या, म्हणाल्या, "एक वर्ष परत बसू द्या. पोरगी हुशार आहे, नक्की लागेल." श्यूफन वहिनी तयार होती. मी तयार होतो, माझा काही संबंध नसताना. निंग भिंतीला टेकून उभी होती.

ती बापाला म्हणाली, "बसते परत. पण काय लिहू?"

एवढंच विचारलं तिने. सगळी खोली मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होती. 'तुला हवं ते लिही' एवढे चार शब्द होते, किंवा नुसतं 'मेकॅनिकल'. त्याचे ओठ हलले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मिस्त्री जमिनीकडे बघत राहिला.

त्याला ते म्हणायचं नव्हतं असं नाही. नंतर मला म्हणाला, "मी ते म्हटलं असतं तर खोडरबर माझ्या हातात का होता, याचं उत्तर द्यावं लागलं असतं." पण तेव्हा तो बोलला नाही. निंगने वाट बघितली. आम्हाला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ बघितली. मग म्हणाली, "कळलं," आणि खोलीबाहेर गेली.

शरदात दक्षिणेकडच्या कारखान्यांची भरती आली. वस्तीतल्या काही मुलींबरोबर तीही गेली.

मिस्त्री त्या हिवाळ्यात वाळत गेला. कुलपं दुरुस्त करायचा, पण कुणाशी बोलायचा नाही. श्यूफन वहिनीने एका रविवारी टपरीवरून निंगला फोन केला, रडली. "त्यांना काहीतरी चांगलं सांग गं. काहीही सांग." पुढच्या रविवारी निंगने बापाला फोनवर सांगितलं, "बाबा, मला कंपनीच्या फायनान्स विभागात घेतलं. आधी मदतनीस म्हणून, पण पुढे शिकवणार आहेत."

मिस्त्री घरी आला आणि वाडगाभर नूडल्स खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी हमामात आला. आल्या आल्या दोंगने विचारलं, आणि तो पहिल्यांदा म्हणाला, "फायनान्स."

नववर्षाला निंग घरी आली. लांब, ऑफिसातल्या बायका घालतात तसा कोट. नखांना लाल रंग. मी चिडवलं, "साहेबीण आली!" ती हसली. नखांना रंग तिने कधीच लावला नव्हता. मला तेव्हा कळलं नाही की लेथवर वापरतात ते कटिंग ऑइल नखांच्या कडेला बसतं, काळं, आणि कशाने निघत नाही.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी डंपलिंग भरायला बसलो. पीठ हाताला लागायला लागलं तशी तिने सवयीने बाह्या वर केल्या. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, कोपरापर्यंत, लहान लहान डाग होते. तीळ पसरल्यासारखे. मी क्रेनवरचा माणूस, मला ते पिठाचे शिंतोडे वाटले. मिस्त्री हातातलं डंपलिंग मिटायचं विसरून बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या हातांवर तेच डाग होते. लेथवरून उडणारा तापलेला कीस बाहीच्या आत शिरला की असे डाग पडतात.

निंगच्या लक्षात आलं. तिने बाह्या खाली ओढल्या.

मिस्त्रीने डंपलिंग मिटलं, कडा दाबल्या, ताटात ठेवलं. म्हणाला, "ऑफिसात हीटर आहे ना? तिकडे म्हणे घरात शेगडी नसते."

"आहे, बाबा."

"बरं. बसून काम करणाऱ्याला थंडी जास्त वाजते."

दुसऱ्या दिवशी हमामात, हौदाच्या कोपऱ्यात, तो मला म्हणाला, "लेथ आहे."

"कसला लेथ?"

त्याने आपला हात पाण्याबाहेर काढला आणि उलटा धरला. मग मला समजलं.

मी भडकलो. "मग बोल ना तिच्याशी! जाऊन सांग, माझं चुकलं म्हणून. तुझी जीभ काय लेथच्या चकमध्ये अडकलीय?"

"हळू बोल."

"नाही बोलत हळू! एकदा गप्प बसून पोरगी घालवलीस."

त्याने हात परत पाण्यात बुडवला. "गुआन, ती माझ्यासाठी खोटं बोलते. इतक्या लांबून येते आणि नखं रंगवून येते. मी तिला द्यायला हवं होतं ते दिलं नाही. आता ती मला हे देते आहे. तेही हातातून खाली पाडू?" मग म्हणाला, "शप्पथ घे."

मी घेतली. रागारागात घेतली, पण घेतली.

त्यानंतर वर्षांमागून वर्षं ते नाटक चाललं. मिस्त्रीने भंगारातून हिशेबाचं एक जुनं पुस्तक आणलं आणि त्यातले दोन-चार शब्द पाठ केले, फोनवर वापरायला. दर रविवारी विचारायचा, "ताळेबंद जुळला का?" तिकडून निंग म्हणायची, "जुळला, बाबा." एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "रात्रपाळीला जागरण होतं का?" मग गडबडीने, "म्हणजे वर्षअखेर असेल ना तुमची." तिकडून निंग म्हणाली, "हो, वर्षअखेर आहे." मे महिना होता.

एकदा विचारलं, "डोळ्यांना चष्मा लावतेस ना?"

"मला चष्मा कुठेय, बाबा?"

"आकडे बारीक असतात," तो म्हणाला. "काहीतरी लावावं डोळ्यांवर."

श्यूफन वहिनी मधल्या काळात गेली, पोटाच्या आजाराने. शेवटपर्यंत तिला वाटत होतं की नवऱ्याला काही माहीत नाही. निंग चांगली कारागीर झाली होती. कॉम्प्युटरवर चालणारा सीएनसी लेथ एकटीने लावायची, नव्या मुलींना शिकवायची. हे मला तिच्याबरोबरच्या एका मुलीकडून कळायचं, आणि मी ते हमामात मिस्त्रीच्या कानात सांगायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. "शिकवताना ओरडते का?" त्याने विचारलं. "फक्त बाहीवरून," मी म्हणालो. तो तोंडावर पाणी मारायला लागला, बराच वेळ मारत राहिला. दोंग लांबून ओरडला, "मिस्त्री, साबण गेला का डोळ्यांत? तुमच्या फायनान्सवालीला सांगा, चांगला साबण पाठव म्हणावं!"

"सांगतो," मिस्त्री म्हणाला.

आमचा कारखाना एव्हाना पाडून झाला होता. तिथे उंच इमारती आल्या. तीन नंबरच्या शेडच्या जागी तळमजल्यावर एका बँकेची शाखा निघाली. मी मिस्त्रीला म्हणालो, "बघ, तुझा लेथ होता तिथे आता टोकन घेऊन बसायला खुर्च्या आहेत." त्याने विचारलं, "काच फुटलीय का कुठली?" फुटली नव्हती.

मागच्या वर्षी त्याचं फुप्फुस गेलं. जिना चढताना दर पायरीवर थांबायचा. नववर्षाच्या आधी काही दिवस त्याच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज यायला लागला. वहिनी गेल्यापासून ते मशीन झाकलेलंच होतं. मी दार ढकललं. तो पायडलवर पाय ठेवून धापा टाकत होता, समोर जाड कॅनव्हासचा तुकडा.

"काय शिवतोस?"

"बाह्या. हिशेबनिसांच्या."

आमच्याकडे हिशेबनीस अंगरख्यावरून कापडी बाह्या चढवतात, टेबलावर घासून कापड झिजू नये म्हणून. पातळ, काळ्या कापडाच्या असतात त्या. मिस्त्री शिवत होता ते कापड तंबूला लावावं असलं होतं.

निंग आली. आता नखांना रंग नव्हता. आई गेल्यापासून ती लावत नसे. जेवण झालं, तिने भांडी घासली. मग मिस्त्रीने उशाखालून त्या काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या.

"ऑफिसात घाल. टेबलावर घासून तुमच्या बाह्या फाटतात."

तिने एक हातात घेतली. मनगटाशी इलॅस्टिक दुहेरी होतं, घट्ट. तिने आत बोट घालून बघितलं. शिवण आतून दुमडून दोनदा मारलेली. बाहेर एकही दोरा नाही. बटण नाही, नाडी नाही, अडकेल असं काही म्हणजे काहीच नाही. ती उलटीपालटी करत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माझ्या मनात आलं, आता. आता बोलतील.

"हो, बाबा," ती म्हणाली. "फाटतात बाह्या. टेबलावर."

"मनगटाशी घट्ट वाटेल. राहू दे तसंच. सैल करू नकोस."

"नाही करत."

"वापरून वापरून एखादा दोरा सुटेल. सुटला तर ओढायचा नाही. आधी बंद करायचं, मग हात लावायचा."

निंगने वर बघितलं. "काय बंद करायचं, बाबा?"

मिस्त्रीचा श्वास घरघरत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"कॅल्क्युलेटर," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. निंगने दोन्ही बाह्या चढवल्या, कोपरापर्यंत ओढल्या आणि बापासमोर हात पुढे करून बसली. त्याने दोन्ही मनगटांभोवती अंगठा फिरवून बघितला, चाचणीचा तुकडा तपासावा तसा. मग मान हलवली. ती त्या रात्री बाह्या घालूनच झोपली.

वसंत लागता लागता तो गेला. ती पोचली तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडे होता.

अग्नी देऊन आम्ही परतलो. बसमध्ये मी तिच्या शेजारी होतो. शपथ ज्याच्यापुढे घेतली तो राहिला नव्हता. तिने आपणहून विचारलं, "काका, त्यांना या वर्षी कुणी सांगितलं? तुम्ही?"

"कुणी नाही सांगितलं. पहिल्या वर्षी तू बाह्या वर केल्यास ना, डंपलिंग भरताना. तेव्हापासून."

बस पुलावर आली. पुलाच्या कठड्यापाशी अजूनही पुठ्ठे घेऊन माणसं उभी होती.

"मला त्यांना सांगायचं होतं, मला ते काम आवडतं," ती म्हणाली. "दर वर्षी ठरवून यायचे. सुरुवातीला राग होता म्हणून नाही सांगितलं. नंतर राग राहिला नाही, पण मग इतकी वर्षं खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं. त्यांना काय वाटत होतं, मी तिथे त्यांना शिव्या देत उभी असते?"

"तसंच वाटत होतं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. सगळा रस्ता तसंच ठेवलं.

रीतीप्रमाणे परतल्यावर सगळ्यांना जेवण होतं. हमामातली मंडळी एका टेबलावर बसली होती, कपडे घातलेली, त्यामुळे ओळखू येत नव्हती. दोंग थकलाय आता, हात थरथरतात. तो उठून निंगपाशी आला.

"पोरी, तुझा बाप एकच शब्द बोलायचा आमच्यात. सगळे हसायचो आम्ही त्याला. तुला बँकेतून... म्हणजे फायनान्समधून सुट्टी मिळाली ना नीट? त्रास नाही ना देत ते लोक?"

निंगने माझ्याकडे बघितलं. तिच्या दंडावर सुतकाची काळी पट्टी होती आणि बाही हाताच्या तळव्यापर्यंत खाली ओढलेली.

"मिळाली, काका," ती म्हणाली. "फायनान्सवाले देतात सुट्टी. बसा ना, जेवून घ्या."